वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स हटवायचंय? आधी फायली कुठे आहेत ते बघा

फायली सिंक करणारं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवर आणि इंटरनेटवर सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरून काढायला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्ज, अॅप्स, अनइन्स्टॉल, झालं. त्याच्या आधी जे करायला हवं त्याला मात्र अर्धा दिवस लागू शकतो, आणि बहुतेकांच्या फायली जातात त्या हा अर्धा दिवस वाचवण्याच्या नादात. इंदूरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात हा प्रश्न घेऊन जा, उत्तर ठरलेलं: "फॉर्मॅट मार देते हैं भिया, सब साफ." सब साफ होतं यात शंका नाही. पण या कामाला फॉर्मॅटची गरज नसते.

आपल्याकडच्या मराठी घरांत हे प्रकरण साधारण एकाच पद्धतीने सुरू होतं. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूला. दिवाळीत येतो, आईबाबांना नवा डेस्कटॉप लावून देतो, विंडोज विचारतं ते सगळं "नेक्स्ट, नेक्स्ट" करतो आणि घाईत स्वतःचंच अकाउंट घालून जातो. त्यानंतर बाबांची पेन्शनची कागदपत्रं, आईच्या भिशीचा हिशोब, रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे मिरवणुकीचे फोटो, सगळं मुलाच्या वनड्राइव्हवर चढत राहतं. फुकट मिळणारी जागा ५ जीबी. ती कधीतरी भरते, आणि मग उजव्या कोपऱ्यात रोज पिवळी सूचना: स्टोरेज भरलंय, पैसे भरा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्या सुमारास जुन्या मशीनवाल्यांतही बॅकअप चालू करणारे वाढले, कारण सुरक्षा अपडेट्स आणखी वर्षभर फुकट मिळवण्याचा एक मार्ग सेटिंग्जचा बॅकअप घेण्यातून जात होता.

मग कुणीतरी म्हणतं, हे हटवूनच टाका ना.

हटवा, हरकत नाही. फक्त यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे आधी नीट समजून घ्या: कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, फायलींचं फोल्डर आणि इंटरनेटवरचं अकाउंट. भाडेकरू खोली सोडतो तेव्हा सामान, किल्ली आणि मीटरवरचं नाव हे तीन हिशोब वेगळे मिटवावे लागतात, तसंच हे. अनइन्स्टॉलने यातलं पहिलं तेवढं जातं. फोल्डर बहुधा जिथल्या तिथे पडून राहतं आणि अकाउंटला तर पत्ताही लागत नाही. म्हणूनच "हटवलं तरी स्टोरेज भरल्याचे ईमेल येतातच" ही तक्रार ऐकू येते. येणारच. गूगलची १५ जीबी जागा जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह यांत मिळून आहे. डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर काढल्याने त्यातला एक एमबीसुद्धा मोकळा होत नाही.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्याचा अर्थ डिलीट मारल्यावरच कळतो. सिंकचं काम एकच: सगळीकडे सारखं ठेवायचं. तुम्ही फाईल घातली की ती सगळीकडे जाते, बदलली की बदल जातो आणि डिलीट केली की डिलीटही सगळीकडे पोचतं. आमच्या भागातल्या एका गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका अशा सामायिक फोल्डरमध्ये होती. मंडळातल्या एकांना आपल्या मशीनवरून सॉफ्टवेअर हटवायचं होतं. आधी फोल्डर रिकामं करू, मग सॉफ्टवेअर काढू, असा त्यांचा सरळ साधा विचार. त्यांनी फोल्डर रिकामं केलं तेव्हा सिंक चालू होतं. तासाभरात संपादकांचा फोन: "अहो, जाहिरातींचं सगळं मॅटर गेलं कुठे?" सेवेच्या वेबसाईटवरच्या कचरापेटीतून ते परत मिळालं, जीव भांड्यात पडला.

ती कचरापेटी लक्षात ठेवा. वनड्राइव्हचं वैयक्तिक अकाउंट, ड्रॉपबॉक्सचं फुकट अकाउंट आणि गूगल ड्राइव्ह, तिन्हींकडे डिलीट केलेली फाईल ३० दिवस मिळू शकते, पण ब्राउझरमधून अकाउंट उघडून. कॉम्प्युटरवरच्या रिसायकल बिनमध्ये ती सापडेलच असं नाही.

म्हणून क्रम असा: आधी फायली खरोखर आपल्या डिस्कवर आणायच्या, मग त्यांची वेगळी प्रत काढायची, मग अकाउंट तोडायचं, मग सॉफ्टवेअर काढायचं. डिलीट शेवटी, अकाउंट तुटल्याची खात्री झाल्यावर. हा क्रम उलटा केला की काय होतं ते स्मरणिकावाल्यांना विचारा.

दिसते ती फाईल असतेच असं नाही

विंडोज १० मध्ये २०१७ पासून वनड्राइव्हने एक सोय आणली. फाईल फोल्डरमध्ये दिसते, नाव दिसतं, आकारही दिसतो, पण आतला मजकूर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असतो. तुम्ही डबल क्लिक केलं की तेवढ्यापुरती ती खाली उतरते. छोट्या डिस्कच्या लॅपटॉपवर ही सोय उत्तम आहे. हटवायच्या दिवशी मात्र हीच सगळ्यात मोठी फसगत करते, कारण फायली तर सगळ्या समोर दिसत असतात.

ओळखायची खूण फाईलच्या नावाजवळ असते. निळा ढग म्हणजे फाईल फक्त इंटरनेटवर आहे. पांढऱ्या गोलात हिरवी टिक असेल तर ती सध्या डिस्कवर उतरलेली आहे, पण जागा कमी पडली तर विंडोज ती परत वर पाठवू शकतं. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक असेल तर ती कायम इथेच राहणार. खुणांवर विश्वास बसत नसेल तर, आणि माझा बसत नाही, फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे दोन आकडे असतात, साइज आणि साइज ऑन डिस्क. साइज ४० जीबी आणि साइज ऑन डिस्क २ जीबी दिसत असेल तर ३८ जीबी तुमच्याकडे नाहीत, एवढं साधं आहे. दोन्ही आकडे जवळपास सारखे झाले की समजायचं, माल घरी आला.

आणायचा कसा? वनड्राइव्हच्या फोल्डरमधलं सगळं सिलेक्ट करा, राइट क्लिक, "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस". मग वाट बघा. रात्रभर चालू ठेवलं तरी चालेल, फक्त कॉम्प्युटर झोपणार नाही असं पॉवरच्या सेटिंग्जमध्ये करून ठेवा. आणि सुरू करण्याआधी सी ड्राइव्हवर तेवढी जागा आहे का ते बघा. २५६ जीबीच्या एसएसडीवर दहा वर्षांचे फोटो मावणार नाहीत. तेव्हा इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून एक बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि एकेक फोल्डर उतरवून त्यावर हलकेच कॉपी करत जा. कॉपी, कट नव्हे. कट केलं तर सिंकच्या दृष्टीने फाईल तिथून गेली, म्हणजे ती वरूनही गेली.

पर्सनल व्हॉल्ट नावाचा कुलूपबंद कप्पा वापरत असाल तर तो उघडून त्यातल्या फायली वेगळ्या काढा. लोक नेमके आधार आणि पॅनचे स्कॅन तिथे ठेवतात, आणि नेमके तेच विसरतात.

डेस्कटॉप हलवला आहे का?

आता सगळ्यात चिवट भाग. वनड्राइव्हचा "बॅकअप" चालू असेल तर तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांची नुसती प्रत घेत नाही, ती फोल्डरंच उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत नेऊन ठेवतो. समोर स्क्रीनवर सगळं पूर्वीसारखंच दिसतं. पण त्या डेस्कटॉपचा खरा पत्ता सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, डेस्कटॉप असा झालेला असतो.

हे माहीत नसताना काय होतं ते बघा. कुणी सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करतो. मग "आता हे वनड्राइव्हचं फोल्डर कशाला हवं" म्हणून तेही झाडून टाकतो. पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू केला की डेस्कटॉप कोरा, आणि वर "लोकेशन इज नॉट अव्हेलेबल" असा निरोप. विंडोज बिचारं जुन्या पत्त्यावर डेस्कटॉप शोधत असतं आणि तो पत्ताच पाडलेला असतो.

म्हणून अनइन्स्टॉलच्या आधी: कोपऱ्यातल्या ढगाच्या चिन्हावर क्लिक, सेटिंग्ज, "सिंक अँड बॅकअप", "मॅनेज बॅकअप". तिथे प्रत्येक फोल्डरसमोरचं बटण बंद करा. नव्या आवृत्तीत फायली कुठे ठेवायच्या ते विचारलं जातं. तेव्हा फक्त या पीसीवर असा पर्याय निवडा. विचारलं नाही तर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसेल आणि त्यावर "व्हेअर आर माय फाइल्स" असा एकच शॉर्टकट उरेल. इथे घाबरून लोक कॉम्प्युटरचं बटण दाबून बंद करतात. काही गेलेलं नाही. फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तशाच आहेत, त्या तिथून कॉपी करून खऱ्या डेस्कटॉपवर आणायच्या, बस.

पत्ता परत आला की नाही हे तपासायचं असेल तर एक्सप्लोररमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. तिथल्या पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द दिसला तर "रिस्टोअर डिफॉल्ट" दाबा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सलाही तेच. आधीच फोल्डर उडवून बसला असाल तरी हाच उपाय: ज्या पत्त्यावर विंडोज शोधतंय तिथे त्याच नावाचं रिकामं फोल्डर बनवा, म्हणजे लोकेशनचा टॅब उघडेल, आणि मग रिस्टोअर डिफॉल्ट.

पत्ता बदलला की त्यावर विसंबलेल्या गोष्टी अडखळतात. स्कॅनर जुन्या डॉक्युमेंट्समध्ये फायली टाकायला जातो, एक्सेलच्या एका शीटमधून दुसरीकडे लावलेला दुवा तुटतो. दुकानदारांच्या आणि सीएच्या ऑफिसांत यातलं सगळ्यात नाजूक प्रकरण टॅलीचं. डेटाचं फोल्डर सिंकच्या आत असेल तर ते हलवण्याआधी टॅलीतूनच बॅकअप घ्या, टॅली बंद करा, फोल्डर बाहेर कॉपी करा आणि मग टॅलीला नवा पाथ सांगा. खरं म्हणजे चालू हिशोबाचा डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये नसावाच. टॅली फाईल लिहीत असतानाच सिंक ती उचलायला जातं, आणि दोघांच्या ओढाताणीत एखाद्या दिवशी डेटा खराब होतो.

आता प्रत्यक्ष काढणं

इतकं झालं की उरलेलं सोपं आहे. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, "अनलिंक धिस पीसी". यानंतर ते फोल्डर साधं फोल्डर झालं. आत काही केलं तरी वर जाणार नाही. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्स, मायक्रोसॉफ्ट वनड्राइव्ह, अनइन्स्टॉल. घाईत आधीच अनइन्स्टॉल केलं असेल आणि निळ्या ढगाच्या फायली उरल्या असतील, तर त्या उघडताना क्लाउड फाइल प्रोव्हायडर चालू नाही अशी तक्रार येते. तेव्हा त्या फायलींशी झटापट नको. ब्राउझरमधून अकाउंट उघडून त्या डाउनलोड करा.

ड्रॉपबॉक्सचं तंत्र जवळपास हेच: प्रेफरन्सेसमधून साइन आउट, मग अनइन्स्टॉल. त्याचं फोल्डर डिस्कवर तसंच राहतं. त्यात एक लपलेलं कॅशचं फोल्डर असतं, ज्यात नुकत्याच डिलीट केलेल्या फायलींचे तुकडे तीनेक दिवस पडून असतात. जागा हवी असेल तर तेही उडवा. ड्रॉपबॉक्समध्येही फक्त ऑनलाईन ठेवलेल्या फायली असतात, तेव्हा साइज ऑन डिस्कची परीक्षा इथेही घ्यायची.

गूगल ड्राइव्ह वेगळ्या वळणाचं आहे. ते बहुधा जी नावाचा एक ड्राइव्ह दाखवतं, जो खऱ्या अर्थाने डिस्कवर नसतोच. सॉफ्टवेअर काढलं की जी ड्राइव्ह गायब. लोकांना वाटतं डेटा गेला, पण तो अकाउंटवर असतो. खरी अडचण गूगल डॉक्स आणि शीट्सची. त्या ड्राइव्हमध्ये दिसणारी डॉक्सची फाईल म्हणजे नुसता दुवा असतो, किलोबाइटभराचा. ती पेनड्राइव्हवर कॉपी करून नेली तर हातात पत्ता राहतो, मजकूर राहत नाही. अशा फायली ब्राउझरमधून वर्डच्या किंवा पीडीएफच्या रूपात डाउनलोड करा. खूप असतील तर गूगल टेकआउटमधून एकदम मागवा, ते डॉक्स आपोआप वर्डमध्ये बदलून देतं. मग ड्राइव्हच्या प्रेफरन्सेसमध्ये "डिस्कनेक्ट अकाउंट", प्रोग्राम क्विट करा आणि अनइन्स्टॉल. क्विट केलं नाही तर अनइन्स्टॉलर अडून बसतो.

सिंकथिंग, म्हणजे कॉम्प्युटर थेट एकमेकांशी सिंक करणारं सॉफ्टवेअर, वापरणारे थोडे असतील, त्यांच्यासाठी एवढंच: तिथे मधे कुठली कंपनी नाही, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडायला अकाउंटही नाही आणि वेबसाईटवरची कचरापेटीही नाही. तेव्हा प्रत आधी, बाकी सगळं नंतर.

झाडलोट किती करायची

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की रनची खिडकी येते. त्यात टक्केवारीचं चिन्ह, लोकलअॅपडेटा, पुन्हा टक्केवारीचं चिन्ह असं इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहून एंटर करा. तिथे मायक्रोसॉफ्टच्या आत वनड्राइव्ह, गूगलच्या आत ड्राइव्हएफएस, किंवा ड्रॉपबॉक्स अशी फोल्डरं उरलेली दिसतील. उडवायला हरकत नाही. अपवाद ड्राइव्हएफएसचा: इंटरनेट नसताना केलेले, वर न गेलेले बदल त्यात अडकलेले असू शकतात. अशी शंका असेल तर आधी प्रत काढून ठेवा.

टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप अॅप्स बघा, टास्क शेड्युलरमध्ये अपडेटचं एखादं काम उरलं असेल तर डिलीट करा. यापुढे जाऊन रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारे क्लीनर वगैरे डाउनलोड करू नका. मायक्रोसॉफ्ट असल्या हत्यारांची शिफारस करत नाही, आणि चार निरुपयोगी नोंदी राहिल्याने कॉम्प्युटर हळू होत नाही. ही हत्यारं स्वतःच अनइन्स्टॉल व्हायला जास्त नखरे करतात, हा माझा अनुभव.

जाता जाता एक गंमत. फायलींवर दिसणाऱ्या त्या टिक आणि ढगाच्या खुणा विंडोज फक्त १५ सांभाळतं, आणि कोणत्या १५ हे वर्णानुक्रमाने ठरतं. म्हणून सिंकवाल्या कंपन्या रजिस्ट्रीत आपल्या नावाआधी रिकाम्या जागा घालून रांगेत पुढे घुसतात. मशीनवर दोन-तीन अशी सॉफ्टवेअर असतील तर एकाच्या खुणा दिसत नाहीत, आणि त्यातलं एक काढलं की दुसऱ्याच्या अचानक दिसू लागतात. व्हायरस नाही तो.

वर्ड आणि एक्सेल मात्र वनड्राइव्ह गेल्यावरही त्याची आठवण काढत राहतात. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे "सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट" वर टिक करा. नाहीतर अकाउंट ऑफिसमध्ये लॉगिन असेल तोवर नवीन पत्र थेट इंटरनेटवर सेव्ह होईल आणि तुम्ही ते डॉक्युमेंट्समध्ये शोधत बसाल.

अकाउंटच्या बाजूला ब्राउझरमधून जाऊन उपकरणांची यादी उघडा आणि हा कॉम्प्युटर तिथून काढा. ड्रॉपबॉक्सच्या फुकट अकाउंटला तीनच उपकरणं चालतात, तिथे एक जागाही सुटते. पण मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मुळातून बंद करायचा विचार असेल तर जरा थांबा. पुष्कळ विंडोज मशीनांवर डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू असतं आणि डिस्क उघडायची रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये ठेवलेली असते. आधी ती ४८ अंकी की कागदावर उतरवून घ्या. मुलाच्या अकाउंटने सुरू केलेल्या मशीनची की मुलाच्या अकाउंटमध्ये असेल, तेव्हा त्यालाच फोन करायचा.

मॅकवाल्यांनी अॅप्लिकेशन कचऱ्यात ओढण्याआधी त्यातून साइन आउट करावं. फायली बहुधा लायब्ररीच्या आतल्या क्लाउडस्टोरेज फोल्डरमध्ये असतात, त्या आधी दुसरीकडे कॉपी कराव्यात. बाकी क्रम तोच.

सगळं झाल्यावर कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, राउटरची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, आणि कॉपी केलेल्या ठिकाणच्या फायली उघडून बघा: एक जुना फोटो, एक कालची वर्ड फाईल, एक मोठा व्हिडिओ, एक पीडीएफ. इंटरनेटशिवाय चारही उघडल्या तर जुनं फोल्डर डिलीट करायला हरकत नाही. मी तरी ते महिनाभर नाव बदलून ठेवतो आणि मगच उडवतो. डिस्कवर जागेची फारच ओढाताण असेल तर गोष्ट वेगळी.

आणि त्याच मशीनवर नातवासाठी नवीन युजर बनवलात तर वनड्राइव्ह त्या युजरमध्ये पुन्हा हजर होऊ शकतं. तेव्हा पहिल्याच दिवशी, त्यात एकही फाईल जाण्याआधी, अनइन्स्टॉल केलं की वरचं काहीच करावं लागत नाही.